जिता गाळ

वास यायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी इथेच मुरडून घ्यावं आणि मग पुढचं वाचायचं की नाही ते ठरवावं. मी आठवणी लिहायला घेतल्यात हे कळल्यावर आमच्या कॉलनीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "टीचर, शाळेतलं लिहा ना छान. ते लहानपणचं कशाला?" मी माझी शोभा करून घेईन अशी त्यांना काळजी होती. मी जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं. पण मी स्वतः जे विज्ञान शिकले ते नगरपालिकेच्या मैलापाण्याच्या प्लांटवर, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. ती क्वार्टर वगळली तर माझ्याकडे सांगण्यासारखं फार काही उरत नाही, आणि ती वगळायची माझी तयारीही नाही.

वडिलांना मी नाना म्हणायचे. ते त्या प्लांटवर ऑपरेटर होते, रोजंदारीवर. गाव तालुक्याचं, राहुरीहून एसटीनं जायचं असं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या ओव्हरसियर साहेबांविषयी पुढे लिहिणार आहे त्यांची नातवंडं तिथं राहतात आणि त्या नातवंडांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. गावाच्या उताराला, ओढ्याच्या अलीकडे सिमेंटचा एक लांबट, वाटोळा चर होता. गावातली सगळी गटारं तिथं येऊन पडायची. जाळीवर चिंध्या, प्लॅस्टिक, कुणाची तरी एकटी चप्पल अडकायची, आणि गाळून आलेलं पाणी त्या चरात गोल गोल फिरत राहायचं. चरावर एका ठिकाणी आडवी लोखंडी फिरकी होती. कागदावर तिचं नाव रोटर, पण आम्ही फिरकीच म्हणायचो. मोटरीवर ती फिरायची, तिची पाती पाण्यावर आपटायची आणि पाण्यात हवा मिसळायची. तिथून पाणी निवळटाकीत जायचं. तिथं गाळ तळाला बसायचा, वरचं निवळ पाणी ओढ्याला लागायचं आणि तळाचा गाळ पुन्हा चरात सोडला जायचा. लोकांना वाटायचं आत काहीतरी औषध घालतात. काही घालत नाहीत. त्या गाळातच डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ते आपली घाण खाऊन पाणी मोकळं करतात.

नाना चौथी शिकलेले. प्लांट उभारायला आलेल्या एका इंजिनियरनं त्यांना हे सगळं महिनाभर समजावलं होतं, आणि नानांनी ते आपल्या भाषेत बसवून घेतलं होतं. "हे आपलं जित्राब हाय करुणे," ते म्हणायचे. "याला दावं न्हाई, शिंगं न्हाईत, पर येळच्या येळी हवा लागती. उपाशी ठिवलं तर मरतं, लई खाऊ घातलं तरी मरतं." रोज सकाळी ते लोणच्याची काचेची बरणी चरात बुडवून भरायचे आणि खिडकीत ठेवायचे. अर्ध्या तासात तपकिरी गाळ खाली बसायचा, दह्याच्या कवडीसारखा एकसंध, आणि वर पाणी असं नितळ की पलीकडची बाभूळ दिसायची. ती बाभूळ दिसली की नाना चहा घ्यायचे. दिसली नाही तर चहा तसाच गार व्हायचा आणि नाना मोटर बघायला जायचे.

आमच्या घराला फिरकीचा आवाज होता. धबधब, धबधब, न थांबता. पाहुण्यांना त्या आवाजात झोप लागायची नाही, आणि तो थांबला की आम्हाला जाग यायची. भारनियमनात वीज गेली की घर एकदम परकं वाटायचं. आई भाकरी थापताना त्या आवाजावर हात चालवायची. मी पाढे त्या आवाजावर पाठ केले. आजही एखाद्या वर्गात फार शांतता असली की मला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं.

वासाबद्दल खरं काय ते एकदाच सांगते. जाळीपाशी वास यायचा, आणि तो कुणालाही येईल असाच होता. चर चांगला चालत असला तर त्याच्याजवळ मात्र ओल्या मातीचा वास यायचा, परसातल्या जुन्या खतासारखा. गाळ वाळवायच्या वाफ्यांत टोमॅटोची रोपं आपोआप उगवायची. सगळ्या गावानं खाल्लेल्या टोमॅटोंचं बी ते. नाना ती रोपं उपटून टाकायचे, पण आई दोन-चार उचलून पलीकडे चांगल्या मातीत लावायची आणि त्यांच्यावर हापशाचं पाणी घालायची. आईनं केलेली त्या टोमॅटोची, शेंगदाण्याचं कूट घातलेली चटणी आणि बाजरीची भाकरी मी अजून विसरले नाही. हिवाळ्यात हुलग्याचे शेंगोळे व्हायचे, लसणाची फोडणी चरापलीकडे जायची. नाताळात आई करंज्या करायची आणि ताटं भरून झाकून ठेवायची, वाटायला. कुणाला वाटायच्या हा प्रश्नच असायचा. कारण आमच्या घरी जो येईल त्याचा त्या दिवशी उपास असायचा. सोमवारी आला तर सोमवार, गुरुवारी आला तर गुरुवार, आणि बुधवारी आलेला माणूस म्हणायचा, आत्ताच चहा घेऊन निघालो. चर्चमधले लोकही त्याच पंगतीतले. प्रभू सगळ्यांना सारखं मानतो असं रविवारी म्हणायचे आणि आमच्या दारात आले की त्यांना पित्त व्हायचं.

शाळेत मी 'चरावरची' होते. आधी मी रडायचे. आठवीत रडणं सोडलं आणि उलट बोलायला लागले. एका मुलीनं नाकाला रुमाल लावला तेव्हा मी तिला वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की तुझ्या घरचं जे काही असतं ते रोज माझ्या वडिलांना भेटतं, त्यांच्याकडून तुझी खुशाली कळते. बाईंनी मला बाकावर उभं केलं. मी ताठ उभी राहिले. आईला हे कळलं तेव्हा ती मला रागावली, पण त्या दिवशी तिनं भाकरीवर लोण्याचा गोळा नेहमीपेक्षा मोठा ठेवला होता.

मी अकरावीत होते त्या वर्षीची गोष्ट. मुंबईहून कुणीतरी मोठे पाहुणे गावात यायचे होते. त्यांच्या कार्यक्रमात आमचा प्लांट बघणंही होतं, कारण तो नीट चालतोय असं वरपर्यंत कळलं होतं. नानांना त्याचा मोठा आनंद झाला. त्यांनी चराच्या कठड्याला चुना दिला, फिरकीला वंगण दिलं, आणि आईनं त्यांचा लग्नातला सदरा धुऊन ठेवला. दोन दिवस आधी ओव्हरसियर साहेब लुनावर बसून आले. मागे टेम्पो होता, त्यात फिनेलचे डबे आणि ब्लिचिंग पावडरची पोती.

"वास येता कामा नये," साहेब म्हणाले. "गावातल्या गटारांत फिनेल चाललंय. ही पोती तुझ्या चरात."

नाना म्हणाले, "गटारात टाका साहेब, थोडं थोडं. पर चरात नको. त्ये जितं हाय, मरंल."

"काय मरेल?"

"गाळ."

साहेब टेम्पोवाल्याकडे बघून हसले. "गाळ मरतो म्हणे. मेलेलाच बरा. ओत."

आमच्या गावात स्वच्छ म्हणजे ब्लिचिंग, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलऱ्याची साथ आली की विहिरीत ब्लिचिंग, जत्रा असली की रस्त्यावर ब्लिचिंग, लग्न असलं की मांडवाच्या कडेनं पांढरी रेघ. त्यामुळे साहेबांनी मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण त्यांना समजावणारा माणूस समोर उभा होता, आणि तो चौथी शिकलेला आणि रोजंदारीवरचा होता म्हणून त्यांनी त्याचं ऐकलं नाही. हे मात्र मुद्दामच होतं.

टेम्पोवाला पोत्यांना हात लावेना. त्याच्या डोळ्यांत चुरचुरायला लागलं होतं. साहेब नाकाला रुमाल लावून कठड्यापासून दूर उभे. मी आणि आई पायरीवर. मी ओरडून म्हणाले, "नाना, नका ओतू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक पोतं उचललं, तोंड सोडलं आणि चरात ओतलं. मग दुसरं. मग तिसरं. फिरकीनं ती पांढरी पूड घेतली आणि सगळीकडे पोचवली, कारण तिचं कामच ते. मला साहेबांचा राग आलाच, पण त्याहून जास्त नानांचा आला. पुढे पुष्कळ दिवस तो राग माझ्या मनात होता हे कबूल करते.

पाहुणे आले. हार झाले, श्रीफळ झालं. ते चरापाशी जेमतेम दहा मिनिटं थांबले, एकदा दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "वा, काही वास नाही." खरंच नव्हता. सगळीकडे दवाखान्याचा वास होता. नाना लग्नातल्या सदऱ्यात कोपऱ्यात उभे होते आणि त्यांची ओळख कुणी करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत काही खाली बसलं नाही. पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. तिसऱ्या दिवशी करडं. मग चर काळा पडायला लागला, त्याच्यावर मळकट फेस चढला आणि वास सुटला. तो वास मी आयुष्यात पुन्हा घेतलेला नाही. तो गावात वर चढत गेला, बाजारपेठेत, शाळेत, देवळात, साहेबांच्या बंगल्यातही. निवळटाकीतून घाण जशीच्या तशी ओढ्याला जायला लागली. ओढ्याकाठी पाराजी आबांची शेती होती. आमच्याकडून निघालेल्या पाण्यावर त्यांचा जनावरांचा घास व्हायचा, वर्षभर हिरवागार. त्या घासाची पानं पिवळी पडायला लागली. लोक फाटकापाशी येऊन नानांना शिव्या द्यायला लागले. घाण त्यांच्याच घरची होती, पण शिव्या आम्हाला.

मग साहेब टाइप केलेला एक कागद घेऊन आले. तो नानांचा जबाब होता, नानांनी न दिलेला. त्यात लिहिलं होतं की मी कामात कसूर केली, रोटर वेळेवर चालवला नाही, त्यामुळे प्लांट बिघडला. "सही कर," साहेब म्हणाले. "दोन-चार दिवस घरी बसवतील, मग परत घेऊ. नाही केलीस तर तू रोजंदारीवर आहेस. उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. क्वार्टरपण सोडावी लागेल. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी मुख्याधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे, तोवर विचार कर." चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तसा प्रकार, आणि वर संन्याशानंच दोर वळून द्यायचा.

त्या दिवशी जेवताना नाना म्हणाले, "करतो सही. एवढ्यानं मिटत असंल तर मिटू दे. तुझी बारावी हुईपतूर तरी हितं ऱ्हायला पायजे."

मी म्हणाले, "माझ्या बारावीच्या नावावर खोटं खपवू नका. मी बारावी नापास होईन, पण तुम्ही एक दिवस फिरकी बंद ठेवली असं कुठं लिहिलेलं मला चालायचं नाही."

"करुणे, नानांशी नीट बोल," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं नानांच्या ताटात भाकरी वाढत तिनं विचारलं, "अहो, पर त्यो गाळ पुन्यांदा जिता हुतो का?"

नानांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "हुतो. इंजिनियर सायेब बोलले हुते. ताजं शेण लागतं. लई लागतं."

हे ऐकायला सोपं वाटतं. गाव शेतकऱ्यांचं, दारोदारी गाई-म्हशी, शेणाला काय तोटा. नाना मेलेला गाळ उपसून चर थोडा रिकामा करायला लागले आणि मी सकाळी सहाला पाटी घेऊन निघाले. पहिल्या घरी मला सांगितलं, शेण गोवऱ्यांना लागतं. दुसऱ्या घरी, खताला लागतं. तिसऱ्या घरी एक आजी खरं काय ते बोलल्या. "अगं, गाईचं शेण ते. त्यानं देवघर सारवतो आमी. ते मैल्यात टाकायचं? माझ्या दारचं पुण्य गटारात जाईल." मी रिकामी पाटी घेऊन पाराजी आबांच्या गोठ्यावर आले. आबा धारा काढून उठले होते. डोक्याला मुंडासं, हातात चरवी.

"आबा, शेण पाहिजे. चरात टाकायला."

"व्हय, ऐकलं मी. न्हाई जमायचं पोरी. गाय हाय ती. पाप लागंल मला."

"आबा, तुमचा घास कुणाच्या पाण्यावर होतो?"

आबांनी ओढ्याकडे बघितलं.

"तो घास तुमची गाय खाते. तिचं दूध तुम्ही देवाला नैवेद्याला नेता. आमचं पाणी आत येताना पाप नाही, आणि तुमचं शेण बाहेर जाताना तेवढं पाप?" माझा आवाज चढला होता. "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं झालं हे."

मोठ्या माणसाशी असं बोलल्याबद्दल मी त्यानंतर कधी माफी मागितली नाही, आणि आजही मागत नाही. आबांनी चरवी खाली ठेवली. गोठ्यात एका बाजूला त्यांची खिल्लारी गाय, दुसऱ्या बाजूला तीन म्हशी. त्यांनी गाईकडे बघितलं, मग म्हशींकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"म्हशीचं चालंल का तुमच्या चराला?"

"चालेल."

"मंग म्हशीचं ने की. म्हशीला काय देव न्हाई." आणि त्यांनी स्वतः फावड्यानं माझी पाटी भरून दिली. वर म्हणाले, "थांब, मी संगं येतो. तू यकटी मागशील तर कुनी देयाचं न्हाई."

अशा रीतीनं माझ्या गावानं पापातून वाट काढली. आबा पुढे, मी मागे. आबा दारात उभे राहून म्हणायचे, "गाईचं नको, म्हशीचं द्या," आणि लोक द्यायचे. जणू म्हशीनं कधी घास खाल्लाच नव्हता. मी हसले नाही, कारण मला शेण हवं होतं. दोन दिवसांनी आबांनी बैलगाडी जुंपली. शाळेतल्या मुली कडेनं जायच्या तेव्हा मी गाडीत शेणाच्या ढिगाशेजारी बसलेली असायचे आणि त्यांना हात करायचे. आई पिंपात शेण कालवायची, जुन्या लुगड्यातून गाळायची, नाना ते चरात सोडायचे. थोडा गूळही घातला. फिरकी चालूच. आईचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते आणि त्या हातांना लागलेला वास भाकरीलाही यायला लागला. आम्ही ती भाकरी खाल्ली.

आठ-नऊ दिवस बरणीत काही दिसलं नाही. मग एका सकाळी नाना बरणी घेऊन आत आले आणि ती माझ्या वहीवर ठेवली. तळाशी बोटभर तपकिरी थर बसला होता. विरळ होता, पण बसला होता. पुढच्या दिवशी दोन बोटं. वास उतरला. लोक फाटकापाशी यायचे थांबले. कुणी आभार मानायला आलं नाही, तेवढी अपेक्षाही नव्हती.

मला वाटलं आपण सुटलो. सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेब आले, चरात वाकून बघितलं आणि म्हणाले, "बघ, नीट चालवला की चालतो की नाही? म्हणजे आधी चालवत नव्हतास. आता तर प्रश्नच मिटला." आम्ही पंधरा दिवस जे राबलो तोच आमच्याविरुद्धचा पुरावा झाला होता. नाना तिथंच कठड्यावर बसले. मी त्यांना एवढं थकलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी मी शाळा बुडवून नानांबरोबर नगरपालिकेत गेले. साहेबांनी टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला आणि पेन पुढे केलं. नाना म्हणाले, "माझा जबाब माझी पोर लिहील साहेब. मी सांगंन तसा." साहेबांनी खांदे उडवले. व्हरांड्यात बाक होता, तिथं बसून मी वहीचा कागद फाडला आणि लिहिलं, की ओव्हरसियर साहेबांच्या हुकमावरून चरात ब्लिचिंग पावडर ओतण्यात आली आणि त्यामुळे प्लांट बिघडला. नानांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"वतली कुनी, ते न्हाई यात."

"ते कशाला लिहायचं? ते तुम्हालाच धरतील."

"पर वतली तर म्या."

"नाना, सही करा."

त्यांनी नाराजीनं सही केली. साहेब बाहेर आले, कागद वाचला, चार तुकडे केले आणि आत गेले. मी दुसरा कागद फाडला आणि तेच पुन्हा लिहिलं. नाना पुन्हा म्हणाले, "वतली कुनी ते लिव." मी लिहिलं नाही. साहेबांनी तोही फाडला. मी तिसरा घेतला. आता व्हरांड्यात माणसं जमली होती, दाखले न्यायला आलेली, पाणीपट्टीला आलेली. साहेबांचे कान लाल झाले होते. "तुला किती लिहायचं ते लिही," ते म्हणाले. मी म्हणाले, "दोनशे पानी वही आहे साहेब."

पाचवा कागद फाटल्यावर आवक-जावकचे कारकून शेख भाऊसाहेब पाणी प्यायच्या निमित्तानं माठापाशी आले. गावातला प्रत्येक अर्ज त्यांच्या टेबलावरून आत जायचा. माझ्याकडे न बघता ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, साहेबाविरुद्धची तक्रार साहेबाच्याच हातून वर जाते. तू जन्मभर लिही, ते जन्मभर फाडतील. पण एखाद्यानं स्वतःची चूक कबूल केली, तर तो कागद मला थेट घेऊन शिक्का मारावा लागतो. शिक्का मारलेला कागद कुणाला फाडता येत नाही."

नाना म्हणाले, "मंग मी सकाळधरनं काय सांगतुया हिला?"

माझ्या हातात पेन होतं आणि मला ते वाक्य लिहवत नव्हतं. पायरीवर उभी राहून मी जे बघितलं होतं ते कागदावर यायला नको होतं, आणि ते नानांसाठी की माझ्यासाठी हे मला त्या क्षणी कळलं. नाना माझ्या मनातल्या वडिलांसारखे दिसावेत म्हणून मी त्यांना त्यांच्या गोष्टीतूनच काढून टाकलं होतं. मग मी लिहिलं. "ब्लिचिंग पावडरची तीन पोती मी माझ्या हातांनी चरात ओतली. त्यानं गाळ मरतो हे मला माहीत होतं. तसं मी ओव्हरसियर साहेबांना सांगितलं. त्यांनी तरी ओतायला लावली आणि मी घाबरून ओतली. फिरकी मी एक दिवसही बंद ठेवलेली नाही." 'घाबरून' हा शब्द नानांनी सांगितला. मी थांबले तेव्हा म्हणाले, "खरं हाय ते. लिव."

शेख भाऊसाहेबांनी कागद घेतला, शाईच्या पॅडवर शिक्का दोनदा दाबला आणि मारला. साहेब बाहेर आले तोवर त्याच्यावर आवक क्रमांक पडला होता.

सुनावणी त्याच कागदावर झाली, पण निकाल फार मोठा लागला नाही. साहेबांना काही झालं नाही, पुढे ते बढतीवर दुसरीकडे गेले. नानांना आठ दिवस कामावरून दूर ठेवायचा आदेश निघाला, ब्लिचिंग ओतल्याबद्दल. क्वार्टर राहिली, काम राहिलं. आईला वाईट वाटलं. नाना मात्र म्हणाले, ही शिक्षा माझी आहे, मी केलेल्या कामाची, ती मी भोगीन. आणि खरोखर आठ दिवस ते उंबऱ्याबाहेर आले नाहीत. सदरा घालून दारात बसून राहिले.

त्या आठ दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी साहेब लुनावरून आले. नाना प्लांटवर पाऊल तर टाकत नाहीत ना, हे बघायला. नाना दारात बसलेले होते. आई जाळीवरची घाण काढत होती आणि मी फिरकीच्या मोटरीपाशी तेलाचा डबा घेऊन उभी होते.

"तुला कुणी सांगितलं हे करायला?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही सांगितलं, साहेब," मी म्हणाले. "लिहून देऊ का?"